शिंप्यानं जोडलेलं गाणं

मी कॅसेट बोलतेय. आधीच सांगते, मला बोलायची हौस नाही. माझ्या पोटात गाणी आहेत, गप्पा नाहीत. पण आत्ता मी कापायच्या टेबलावर उताणी पडले आहे, आतडं बाहेर आलंय आणि वर कात्री उघडी आहे. अशा वेळी कोणालाही तोंड फुटतं.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात आम्ही सगळ्या सारख्याच निघालो. तपकिरी फीत गुंडाळली, झाकण बसवलं, वर चित्र चिकटवलं, की झालं. माझ्या चित्रात एक जांभळा पाणघोडा ढोल बडवतोय. मुलांचा कार्टूनचा सिनेमा होता. हा पाणघोडा सर्कशीतून पळतो, वाळवंटात समुद्र शोधत फिरतो आणि वाटेत जो भेटेल त्याला गळ्यात वाद्य अडकवून सोबत घेतो. गोष्ट पोरांची, पण गाणी रॉकची. गिटार अशी किंचाळायची की माझ्याच कानठळ्या बसायच्या.

मला आणलं एका शिंप्यानं. त्याची पोरं सिनेमा बघून आली ती जेवायलाच बसेनात. थोरली भिंतीकडे तोंड करून रुसली. धाकटा ताटावर चमचा बडवत सुटला. त्याला घरात सगळे ठोक्या म्हणायचे ते उगाच नाही. शेवटी बाप उठला, चप्पल पायात सरकवली आणि मला घेऊन आला.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. टेपरेकॉर्डर कपाटावर, इस्त्रीच्या शेजारी. पोरं शाळेतून आली की मीच. शिंपी म्हणायचा, "काय कटकट आहे!" पण मशीनच्या पायडलवर त्याचं पाऊल माझ्याच ढोलावर पडायचं. त्या दिवसांतल्या विजारींचे टाके घाईचे असतील तर दोष पाणघोड्याचा. आई आतून ओरडायची, "त्या जनावराला गप्प करा, नाहीतर मी येऊन करते!" आणि थोड्या वेळानं भांडी घासताना तीच गुणगुणायची. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही.

मग ती दुपार आली. 'दूर नाही' हे गाणं चालू होतं. सगळ्यांचं लाडकं. मध्येच टेपरेकॉर्डरनं माझी फीत चावली. बाहेर ओढली तेव्हा तिचा पार चुरगळा झाला होता. ठोक्यानं भोकाड पसरलं.

"रडतोस काय?" शिंपी म्हणाला. "फाटलेलं नीट करूनच आपलं घर चालतं ना?" त्यानं चष्मा चढवला आणि खरोखर सुईत दोरा ओवला!

"बाबा, सुई नको!" थोरली किंचाळली. "गाणं आहे ते, विजार नाही!"

"बरं, मग चिकटपट्टी आण."

त्यानं कात्रीनं खराब तुकडा कापला. आता खरं म्हणजे फितीची टोकं नुसती एकमेकांना भिडवून वरून पट्टी लावायची असते. शिंप्याला ते पटेना. "काठाला काठ लावून टिकतं होय?" शिवणीत माया सोडतात ना, कापड उसवू नये म्हणून थोडं जास्तीचं, तशी त्यानं बोटभर फीत एकावर एक चढवली, पट्टी ओढली आणि नखानं दाबून दाबून बसवली.

त्या कापाकापीत दोन शब्द गेले. मूळ ओळ अशी होती: "दूर नाही, दूर नाही, घाबरू नको, आलोच!" माझ्यात उरलं: "दूर नाही, दूर नाही, ठप्प, आलोच!" ठप्प म्हणजे शिवणीचा जाड भाग. 'घाबरू नको' गेलं चिंध्यांच्या ढिगात. पोटातून जायचं तर नेमकं तेवढंच जावं! तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. दर खेपेला ती शिवण जवळ आली की धडकी भरायची, आता सुटणार, आता सुटणार. पोरांना त्याचं काय? ती हात वर करून टपून बसायची, ठप्प झालं की टेबलावर हात आपटायची आणि "आलोच!" म्हणून बोंबलायची. मूळ ओळ ती विसरूनही गेली.

पोरं मोठी झाली आणि पांगली. मला कोणीतरी रिकाम्या बॉबिनच्या डब्यात टाकलं. तिथे वर्षं गेली. चिकटपट्टीचा डिंक वाळत गेला तो मला कळत होता, जसा म्हाताऱ्याला गुडघा कळतो.

आता शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून दुकान आवरायला आज सकाळी दोन्ही पोरं आली. भंगाराचं पोतं दाराशी उभं. डबा आईनं उघडला.

"अगं बाई, हा पाणघोडा अजून जिवंत आहे?" असं म्हणून तिनं मला पोत्यात भिरकावलं. मी मोडक्या हँगरवर आपटले. भंगारवाला दुपारी येणार होता.

"टाकलंस ते बरं केलंस," ठोक्या म्हणाला. त्याच्या दाढीत आता पांढरं दिसतं. "सगळं फोनवर आहे. एकदम स्वच्छ." आणि त्यानं लावलं.

स्वच्छच होतं. खोटं कशाला बोलू? पोत्यात पडल्या पडल्या माझं पाणी पाणी झालं. संपलं आपलं, म्हटलं. शिंपी खुर्चीत बसल्या जागी पाऊल हलवू लागला. दोघा पोरांचे हात आपोआप वर गेले. "दूर नाही, दूर नाही," त्यांनी टेबलावर हात आपटले, आणि फोन शांतपणे म्हणाला, "घाबरू नको."



"हे काय मध्येच?" थोरलीनं विचारलं.

"ताई, हेच खरं गाणं आहे. आपलं चुकीचं होतं."

"चुकलंय ते," शिंपी म्हणाला. "माझा पाय अडखळला. परत लाव."

परत लावलं. परत तेच. ठोक्यानं हात आवरून धरायचा प्रयत्न केला, पण हात आपटलाच. शेवटी त्यानंच फोन बंद केला. "नाही गं ताई. हा दुसराच कोणीतरी पाणघोडा आहे."

थोरलीनं मला पोत्यातून काढलं. तुम्हाला वाटेल मी खूश झाले. कसली खूश! पोत्यात मी अखंड तरी होते. मशीनमध्ये गेले की शिवण सुटणार, हे मला पक्कं ठाऊक. आधी बघा तरी, म्हणून जीव तोडून सांगत होते. ऐकतो कोण? टेपरेकॉर्डरवरची धूळ फुंकली, मला आत कोंबलं, बटण खटकन दाबलं.

आवाज निघाला, सर्दी झाल्यासारखा. पण निघाला. आई हात पुसत दारात आली. शिंप्याचं पाऊल बरोबर पडायला लागलं. चाक फिरत होतं आणि शिवण जवळ जवळ येत होती. दूर नाही. दूर नाही.

सुटली.

मशीन नुसतंच घरघरत राहिलं. पण टेबलावर हात पडले, ठप्प! आणि चौघांच्या तोंडून एकदम निघालं, "आलोच!" आईच्याही. मी नसताना, बिनचूक.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "आता तरी टाका."

"कात्री दे," शिंपी म्हणाला.

"बाबा, मी करतो. काठाला काठ नीट भिडवून..."

"काठाला काठ लावून टिकतं होय?"

तर अशी मी इथे पडले आहे. वाळलेली टोकं तो कापणार, परत एकावर एक चढवणार. आणखी थोडं गाणं जाईल. 'आलोच' मधलं अर्धंही जाईल. जाऊ दे. पोरं तसं शिकतील. पण त्याचा हात थरथरतोय हो, आणि कात्रीची टोकं नको तिथे, चांगल्या फितीवर हिंदकळतायत.

थोरलीनं त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला आणि सकाळीच ऐकलेले दोन शब्द हळू आवाजात, चालीवर म्हटले, "घाबरू नको." बापाला म्हणाली की मला, कोण जाणे.

म्हणायला सोपं आहे, बाई. कात्री कोणावर आहे?

शिंपीबुवा, चालवा आता. माया ठेवा, पण या खेपेला बोटभर नको, थोडी कमी. आणि पट्टी नखानं दाबायला विसरू नका.