इरसाल दवाखाना, परत

धसईच्या सावळाराम विशेचा ‘इरसाल दवाखाना’ हा पिक्चर म्हसा गावच्या जत्रेत पहिल्यांदा लागला, तेव्हा तंबूत जागा मिळेना. माणसं बाहेर कनातीला कान लावून हसत होती. गावच्याच माणसांनी गावच्या बोलीत केलेला पिक्चर. सावळाराम डॉक्टर, त्याचा जिवाभावाचा दोस्त जाणू पेशंट, जाणूची बायको देवकी नर्स. मग ‘इरसाल शाळा’ आला, ‘इरसाल एसटी’, ‘इरसाल बँक’. माणसं तीच, कपडे फक्त वेगळे. दर जत्रेला नवा पिक्चर लागायचाच.

मग जाणू गेला. कावीळ अंगावर काढली, आणि महिन्याच्या आत गेला.

त्यानंतरचे पिक्चर सावळारामने एकट्याने जमवले. लोक हसेनात तसा तो घाबरा झाला. घाबरला की संवादात चावटपणा वाढवायचा. त्याला वाटे, पब्लिकला हेच पाहिजे, आपणच कुठेतरी कमी पडतोय. यंदा त्याने शेवटचा डाव टाकला, ‘इरसाल दवाखाना, परत’. देवकीला, त्या वयात, पुन्हा नर्सचे कपडे दिले, तेही अंगाला चिकटणारे. डॉक्टर तिच्या मागे थर्मामीटर घेऊन धावतो, असा सीन.

“भाऊ, मला नाय जमायचं,” देवकी म्हणाली होती. “घरात सून हाय माझ्या.”

“जाणूच्या नावासाठी करा, वयनी. नायतर आपलं नाव पुसलं समजा.”

जाणूचं नाव घेतलं तिथे तिने कपडे उचलले. सावळारामला हे आधीच ठाऊक होतं. म्हणूनच घेतलं त्याने.

जत्रेत दुपारचा खेळ लागला. बाहेर बैलांचा बाजार भरात होता, पण तंबूत अर्ध्या सतरंज्या मोकळ्याच. सावळाराम मागे, मशीन चालवणाऱ्या नितीनजवळ उभा राहिला. पहिला विनोद वाया गेला. दुसरा गेला. कुणीतरी खोकलं. थर्मामीटरचा सीन आला आणि बायकांच्या बाजूला माना खाली गेल्या. देवकीची सून प्रियांका उठली, आपल्या मुलीचा हात धरला आणि सासूकडे न बघता बाहेर गेली. देवकी पदर तोंडाला लावून बसून राहिली.

आता कुणीतरी हसायला पाहिजे, एकजण हसला की बाकीचे हसतात, हे सावळारामला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. म्हणून तो स्वतःच हसला. मोठ्याने, पोट धरून. थांबला, पुन्हा हसला. माणसं माना वळवून बघायला लागली.

“डॉक्टरलाच दवाखान्यात न्या रे कुणी!” पुढून एकजण ओरडला.

तेवढ्यावर मात्र तंबू हसला.

“बंद कर,” सावळाराम नितीनला म्हणाला. “जुना लाव. पयला.”

नितीनने पहिला ‘दवाखाना’ लावला. पडद्यावर तरणाबांड सावळाराम आला. हातात ही भलीमोठी सुई. त्याचं ते गाजलेलं भाषण सुरू झालं, ज्यावर दर खेळाला तंबू डोक्यावर घेतला जायचा. सावळाराम ओठांतल्या ओठांत ते म्हणू लागला. भाषण संपलं. हशा नाही.

मग पडद्यावर कोपऱ्यातल्या जाणूने सुईकडे बघितलं. आपल्या दंडाकडे बघितलं. डॉक्टरला नमस्कार केला आणि खिडकीतून चपला बाहेर टाकून पाठोपाठ स्वतः निघाला. बोलला काहीच नाही.

तंबू हशाने फुटला. म्हातारे रडेस्तोवर हसले. ज्यांनी जाणूला कधी पाहिलं नव्हतं ती पोरंही लोळायला लागली.

सावळाराम बघत राहिला. पुढचा सीन, त्याच्या पुढचा. प्रत्येक वेळी तेच. आजवर तो पडद्यावर फक्त स्वतःला बघत आला होता. हशा त्याच्या वाक्यानंतर यायचा खरा, पण त्याच्या वाक्याला यायचा नाही.

तो बाहेर आला. मागून देवकी आली.

“वयनी, पुढल्या वर्षी चांगला करू,” तो घाईघाईने म्हणाला. “चावट काय नाय ठेवणार. तुमी म्हणाल तसा. हात जोडतो, नाय म्हणू नका.”

“हात नका जोडू, भाऊ. त्यांना जमायचं ते तुमाला नाय जमत, मलापण नाय जमत. सून घरी वाट बघत असंल नायतर नसंल. मला जाऊ द्या.”

“मग मी काय करू वयनी?”

ती बांगड्यांच्या दुकानांतून वाट काढत एसटीच्या थांब्याकडे गेली. त्याने दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

आतला हशा ऐकून तंबूच्या दाराशी माणसं जमायला लागली होती. मुरबाडकडचं एक कुटुंब थांबलं. “काय लागलाय, दादा?” बाईने विचारलं.

सावळारामने तोंड उघडलं. वर फलकावर त्याचाच मोठा चेहरा होता.

“जाणूचा पिच्चर हाय,” तो म्हणाला, आणि त्यांना आत जायला कनात उचलून धरली.