तिळाहून लहान दार

“सर, इथं कुणीतरी बसलंय.”

विनोदिनीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे न उचलताच हे सांगितलं. पलीकडच्या टेबलापाशी उभा असलेला धवल, तिचा सुपरवायझर, हसत जवळ आला.

“चिपमध्ये? कोण बसणार ताई तिथं?”

“उजवीकडं, खालच्या कोपऱ्यात. जिथं रेघा नसतात ना, तिथं. दार आहे एक. दारात बाई बसलीय, मांडीवर सूप घेऊन.”

धवलने वाकून आत नजर टाकली आणि लगेच सरळ झाला. “अच्छा, हे होय! खाली ‘आई’ लिहिलंय बघा. म्हणजे कृष्णातचंच काम.”

कृष्णात हा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धवलच्या पुढे दोन वर्षं होता. मूळचा कोरेगावचा, आता बंगलोरला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या या चिपचा नकाशा त्याच्या हाताखाली तयार झाला होता.

“हे नकाशेवाले लोक असंच करतात,” धवल म्हणाला. “रिकामा कोपरा दिसला की कुणी मांजर काढतं, कुणी स्वतःचं नाव घालतं. चिपला त्याचा काही त्रास नाही. पास करा.”

विनोदिनीने ती चिप पास केली. पुढच्या चिपमध्येही ती बाई होती. त्याच्या पुढच्याही.

शहाण्णव सालची ही गोष्ट. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यात परदेशातून नखाएवढ्या चिपा यायच्या, त्यांना सोन्याच्या तारा जोडून काळ्या डब्यांत बसवायचं काम तिथे चाले. त्याआधी प्रत्येक चिप भिंगाखाली तपासावी लागे. कुठे ओरखडा, कुठे धुळीचा कण, कुठे तुटलेली रेघ. त्यासाठी तीक्ष्ण नजरेच्या बायका लागत, आणि विनोदिनीची नजर साऱ्या खोलीत सर्वांत तीक्ष्ण होती.

ती अडतिशीची होती. लग्न झालेलं नव्हतं. तरुणपणी तिला बघायला पुष्कळ लोक आले. त्यांनी तिला चालायला लावलं, उजेडाकडे तोंड करायला सांगितलं, सुईत दोरा ओवून दाखवायला लावला, पोहे खाल्ले आणि घरी जाऊन ‘योग नाही’ असं कळवलं. मग येणारे थांबले. भाऊ-वहिनीच्या घरात तिच्याकडे बघण्याचं कुणाला काही कारण उरलं नाही. आता दिवसभर ती बघायची आणि नाकारायची. सुरुवातीला तिला या गोष्टीचं हसू यायचं.

भिंगातून चिप दिसायची ती एखाद्या गावासारखी. उंचावरून बघावं तसे चौक, आळ्या, एकाला एक लागून असलेली छपरं. पण या गावात कधी कुणी दिसलं नव्हतं. त्यामुळे दारातल्या त्या बाईची तिला सोबत वाटू लागली. उघडं डोकं, मागे अंबाडा, मान सुपावर झुकलेली. चेहऱ्याला नाकडोळे नव्हते, तेवढी जागाच नव्हती. तरी सकाळी पहिला ट्रे घेतला की विनोदिनी आधी त्या कोपऱ्यात जाई.

जेवणाच्या सुट्टीत धवल चिपांबद्दल बोलायचा. त्याला त्या गोष्टीचं वेड होतं. “आज खेळातली माणसं बघा, नुसते ठोकळे. पण दरवर्षी रेघा बारीक होतायत. त्याच जागेत दुप्पट मावतं. अजून वीस-पंचवीस वर्षांनी ह्याच चिपा असे चेहरे काढतील की खरं माणूस कुठलं न् काढलेलं कुठलं, तुम्हाला कळायचं नाही.”

“आणि बारीक करत करत कुठपर्यंत जाणार?” विनोदिनीने विचारलं.

“तीच तर गंमत आहे. ह्या रेघा प्रकाशाने काढतात. प्रकाशालाही जाडी असते म्हणा ना. रेघ त्याच्याहून बारीक झाली की धूसर होणार. तिथूनही माणूस वाट काढेल. पण शेवटी अणूच उरले की मग? त्यापुढं रेघच नाही. काढायचं कशावर?”

विनोदिनीने डबा बंद केला. तिला उगाचच त्या सुपवाल्या बाईची आठवण झाली.

उन्हाळा लागला, आणि एका सकाळी तिला दिसलं, की बाईने डोक्यावरून पदर घेतलाय.

तिने चिप बदलली. तिच्यातही पदर. तिने कालच्या ट्रेमधली एक मागून घेतली. तीच रेघ, डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढलेली. तिने धवलला सांगितलं, तेव्हा त्याने काळजीने तिच्याकडे बघितलं. “ताई, सगळ्या एकाच साच्यातून निघतात. बदलेल कसं? डोळे थकलेत तुमचे. डॉक्टरला दाखवा.”

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

पुढच्या रविवारी ती एस.टी.ने कोरेगावला गेली. का जातोय, हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. बाजाराच्या मागच्या आळीत कृष्णातचं घर कुणीही दाखवलं असतं. तो बंगलोरला गेलेला गावातला एकटाच होता. आळी वळली आणि विनोदिनीचे पाय थांबले. ते दार ती ओळखत होती. उंबऱ्यावर एक म्हातारी बसून सुपात घेवडा पाखडत होती. डोकं उघडं होतं.

“कोन गं बाई?” म्हातारीने विचारलं.

“साताऱ्याहून आले. तुमचा कृष्णात ज्या चिपा करतो ना, त्या मी तपासते.”

“किस्ना बरा हाय न्हवं?” म्हातारीचं सूप थांबलं. कृष्णात येऊन तीन वर्षं झाली होती.

“बरे आहेत.”

“मग बस की. उभी का?” भामाबाई तिचं नाव. तिने बाजूला सरकून जागा केली. तिने आत हाक मारून पाणी आणायला लावलं नाही, आत कुणी नव्हतंच. बराच वेळ ती घेवड्यातले खडे काढत राहिली, मग आपणहून बोलू लागली. तिच्याशी बोलायला माणूस येत नसावं.

“आज जरा मोकळं वाटतंय बग. आयतवार हाय. न्हाईतर रोज दारात बसलं की कोन तर वरनं बघतंय आसं वाटतं. सकाळी चालू हुतंय ते सांच्यापातूर. मधी जेवायच्या टायमाला जरा थांबतंय. आयतवारी बघत न्हाई. शेजारची सुलाबाई म्हनती, म्हातारे, तुला याड लागलंय. मी आपली पदर घेऊन बसते.”

विनोदिनी बघायला आलेल्या माणसांसमोर पाटावर बसायची, तेव्हा मानेवर जे काही सरपटल्यासारखं व्हायचं, ते तिला या क्षणी पुन्हा जाणवलं. ती गप्प राहू शकली असती. पण राहवेना.

“मावशी, ती मीच.” तिने सगळं सांगितलं. चिप, भिंग, कोपरा, दार. सांगताना आपलं आपल्यालाच खुळ्यासारखं वाटत होतं, पण भामाबाईला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तू एकलीच बघतीस?”

“हो. एकटीच.”

“मग काय न्हाई.” तिने खडा अंगणात टाकला. मग हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं हुतं, किस्ना बघत आसंल.”

काहीतरी बोलायचं म्हणून विनोदिनीने सांगितलं, की आता नवीन चिप येणार आहे, याच्याहून निम्म्याने लहान.

“आनी बारीक?” भामाबाई पहिल्यांदाच घाबरली. “नगं गं बाई. आताच समदं अंग आवळल्यागत झालंय. ह्या उंबऱ्यावर मी मांडी घालून बसत हुते, आता गुडघं भिंतीला लागत्यात. किस्नाला सांग, आईला हितंच ऱ्हाऊ दे म्हनावं. आनी बारीक करू नगंस.”

सोमवारी विनोदिनीने भिंगात बघितलं. बाईच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

दुपारी तिने धवलकडे हट्ट धरला, की बंगलोरला फोन करा. कोरेगावला जाऊन आल्याचं सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. म्हातारी आजारी आहे, आणि ते चित्र आहे तेवढंच ठेवावं अशी तिची इच्छा आहे, एवढंच बोलली. धवल भला माणूस होता. त्याने फोन केला.

“नाही जमणार म्हणाला,” संध्याकाळी त्याने सांगितलं. “सगळा नकाशा एकदम लहान करतात, एकेक वस्तू वेगळी ठेवता येत नाही. कोपरासुद्धा मोकळा सोडत नाहीत आता, तेवढ्यात हजारो गेट्स, म्हणजे विजेची फाटकं, बसतात. ह्यावेळी कशीबशी जागा उरलीय, पुढच्या खेपेला तीही नसणार. आणि आईला सांगा म्हणाला, दिवाळीला नक्की येतो.”

त्यानंतर प्रत्येक रविवारी विनोदिनी कोरेगावला जाऊ लागली. भाऊ विचारी, तिथं कोण आहे आपलं? ती काहीतरी सांगून वेळ मारून नेई. भामाबाईने तिला भाकरी थापताना किस्नाचं बालपण सांगितलं, त्याच्या बापाचं मरण सांगितलं. एकदा स्वतः तिच्या केसांना तेल लावून दिलं आणि म्हणाली, “नाकडोळं चांगलं हाईत की गं तुझं. कुनाला दिसलं न्हाईत व्हय?” आठवड्याचे बाकीचे दिवस विनोदिनी भिंगातून बघायची. कधी बाईच्या मांडीवर सूप असे, कधी नसे. ती याबद्दल आता कुणाला काही विचारत नव्हती.

गणपती गेले आणि नव्या चिपांचे ट्रे आले.

तिने सगळ्यांत मोठं भिंग लावलं. दार सापडायला बराच वेळ लागला. ते तिळाहून लहान होतंच, आता तिळाच्या टोकाएवढं झालं होतं. खालची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती. चौकट होती, उंबरा होता. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

विनोदिनीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एस.टी. कोरेगावात शिरली तेव्हा दुपार कलली होती. आळीत माणसं जमली होती, आणि सुलाबाई दारात बसून रडत होती.

“सकाळी घेवडा पाखडत हुती,” ती सांगत होती. “मी आत जाऊन भाईर आले तर आडवी झालेली. हाक मारली, न्हाई बोलली.” मग तिने विनोदिनीचा हात धरून कानाशी तोंड आणलं. “बाई गं, आंगूळ आमीच घातली. लय हालकी झालती. हातापायानं लेकरावानी. एवढी मोठी बाई, कुठं गेली गं समदी?”

दुसऱ्या दिवशी कृष्णात आला. विनोदिनीची आणि त्याची भेट झाली ती दहाव्याच्या दुपारी. उंच, चष्मा लावलेला, मुंडण केल्यामुळे कॉलेजातल्या पोरासारखा दिसणारा. माणसं पांगल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला.

“धवलनं सांगितलं मला. तुमी आईकडं येत होता.”

“हो. तुम्ही काढलेलं चित्र बघून आले पहिल्यांदा.”

“ते दार होय.” तो कसनुसा हसला. “एका रात्री घरची लय आठवण झाली. म्हटलं, कोण बघणार हाय.”

“आणि दारात आई. सूप घेऊन.”

कृष्णातने चष्मा काढला.

“नाही ताई. दारच काढलं होतं मी. मला माणसं काढता येत नाहीत. आईचा प्रयत्न केला होता, पण तिचा चेहरा डोळ्यांपुढं येईचना. मग दार काढलं आणि खाली लिहून ठेवलं.”

घरात कुणीतरी भांडी घासत होतं. विनोदिनीला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिला फक्त त्या मुलाची दया आली.

“कशी बसायची ती?” त्याने विचारलं. “म्हणजे, आता. ह्या वर्षात.”

मग तिने सांगितलं. मान कशी झुकवायची, खडा कसा टिपायची, उजव्या गुडघ्यावर हात टेकून कशी उठायची, बोलताना कोणत्या शब्दाला थांबायची. संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत ती सांगत होती, आणि तो चष्मा हातात धरून ऐकत होता, एकदाही मध्ये न बोलता.

निघताना त्याने विचारलं, “तुमी अजून बघता का त्यात?”

“रोज. कामच आहे ते.”

“कधी काही दिसलं तर…”

“कळवीन,” ती म्हणाली.

सोमवारी ती वेळेवर कामावर गेली. टोपी घातली, दिवा लावला, पहिली चिप भिंगाखाली सरकवली. वाकता वाकता ती थांबली. शेजारच्या बाईने बघितलं, की विनोदिनीने आधी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मगच आत नजर टाकली.