पाणमांजराची जागा

मित्रांनो, मी एक जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे. माझा कातडी पट्टा एकदा तुटला, तो मालकांनी स्वतःच्या हाताने शिवला. मालक शिंपी होते, त्यामुळे तो टाका अजून सुटलेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, लग्नंबिग्नं टिपू. पण नशिबी आला चिखल. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मालक मला घेऊन पहाटेच नदीकाठच्या झुडपात दबा धरून बसत. खंड्या, ढोकरी, मुंगूस, एकदा तर कोल्हाही मी टिपला. गिऱ्हाइकं शिवलेल्या कपड्यांपेक्षा दुकानातले फोटोच जास्त वाखाणत. मी फुगून जात असे.

मालकांना मात्र हवं होतं पाणमांजर. त्यांच्या लेकीने आठ वर्षांची असताना ते नदीत पाहिलं होतं, आणि शाळेत सगळे तिला थापाडी म्हणून हसले होते. "थांब, फोटोच आणून देतो," मालक म्हणाले. ते थांबणं सात वर्षं चाललं.

मग एका सकाळी ते आलं, दोन पिल्लांना घेऊन. मधल्या खडकावर बसून त्याने मासा फोडला. पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळली. मालकांनी श्वास रोखून छत्तीस वेळा बटण दाबलं. पण मित्रांनो, मला पहिल्याच फोटोला कळलं होतं. अंधारात घाईने भरलेल्या रोलचं टोक खाचेत अडकलंच नव्हतं. आकडा पुढे सरकत होता आणि पोटातला रोल जागचा हलत नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे? एक डोळा तेवढा आहे.

दुकानात रोल उलटा गुंडाळताना मालकांच्या बोटांना ते समजलं. ते मटकन खाली बसले. लेक जवळ आली.

"काय झालं, बाबा?"

"दिवसातून दहादा बॉबिन बघणारा मी. शिवत गेलो, शिवत गेलो, आणि खाली दोराच नाही."

"फोटो राहू दे. पिल्लं कशी होती ते सांगा ना."

"काय सांगू, पोरी? मी किती फोटो उरले तेच बघत होतो."

त्या दिवसापासून मालकांनी नेम धरला. प्रत्येक रोलमधला शेवटचा, छत्तिसावा फोटो पाणमांजरासाठी ठेवायचा. फोटो धुणारा चिडवायचा, "कापड उरवायची सवय काही जात नाही तुमची."

पुढे नदीत वाळू उपसणारी यंत्रं आली. खडक गेला, पाणी गढूळ झालं. तरी मालक जात राहिले. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी कपाटात गेलो. भिंगावर बुरशी धरली. मालक वारले, तेव्हाही मला कुणी बाहेर काढलं नाही. फार राग आला होता.

परवा लेकीने मला काढलं. आता तिचेही केस पिकलेत. तिने भिंग पुसलं, आकडा पाहिला. पस्तीस. झाकण उघडायला गेलेला तिचा हात थांबला.

"राहू दे. बाबांनी जागा धरून ठेवलीय," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, ती पिल्लं मला रोज आठवतात, आणि कुणाला दाखवता येत नाहीत. जुन्या वस्तू पुसून ठेवा, पण त्याआधी नदी जपा. पाणमांजर परत आलंच, तर घाई करू नका. आधी डोळे भरून बघा, मग मला उचला. माझ्याकडे अजून एक फोटो शिल्लक आहे.