सव्वातीनचे ठोके

पाच वाजता कॉलेजची वेबसाइट बंद होणार होती, आणि दुपारचे दोन वाजत आले तरी भिंगरीचा फॉर्म माझ्या कॉम्प्युटरवर अर्धवट पडला होता.

भिंगरी म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण पाय एका जागी ठरतील तर शपथ, म्हणून चालायला लागली तशी ती भिंगरीच. जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिने पाचवीत ठरवलं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं, कारण घरात जनावरांची डॉक्टर मी एकटीच. कॉलेजची अट अशी की आधी सहा महिने एखाद्या दवाखान्यात काम करायचं, मग तिथल्या डॉक्टरने नऊ प्रश्नांची उत्तरं भरून पाठवायची. आठ मी फटाफट भरली होती. वेळेवर येते का? येते. घाण काढायला लाजते का? मुळीच नाही. अडलं होतं ते नवव्याशी. 'भूल दिलेलं जनावर या उमेदवाराच्या हवाली करून तुम्ही खोलीबाहेर जाल का? होय किंवा नाही. कारण लिहा.'

'नाही' लिहिलं तर मुलाखतीलाच बोलावत नाहीत, हे ताईने कुठून तरी खणून काढलं होतं. सकाळपासून तीनदा फोन करून तिने ते मला ऐकवलं होतं.

"अगं, होय म्हणायला तुझं काय जातं?"

"माझं काही जात नाही. जनावराचं जातं," म्हटलं, आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला नुसतंच अस्वस्थ वाटत होतं. पोरगी हुशार, हात हलका, चावरं मांजरसुद्धा तिच्या कुशीत गुमान बसतं. तरी 'होय'पाशी आलं की मी उठायचे. खिडकी उघडायचे, लावायचे, सिरिंजचा डबा उगाच परत मोजायचे. ही मुलगी इतकी चुळबुळी कुणावर गेली, असं ताई विचारत असते. बघ म्हणावं आपल्या बहिणीकडे.

तेवढ्यात पोस्टमन त्याच्या कुत्रीला घेऊन आला. तिचं नाव पार्सल. अख्ख्या भागातली कुत्री या माणसाच्या मागे लागतात आणि हा घरी जाऊन एकीला उशाशी घेऊन झोपतो. पार्सलच्या गर्भाशयात पू झाला होता, पिशवी आजच काढायला हवी होती. पोस्टमन म्हणाला, "डॉक्टरीणबाई, उरलेली पत्रं वाटून येतो. इथे बसलो तर मीच पडेन." आणि डोळे पुसत गेला.

पंचाईत एवढीच की आमचे कंपाउंडर काका रजेवर होते. अक्कलदाढ काढली होती. या वयात ती कशी आली होती देव जाणे. ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी ठोके मोजायचे, श्वास मोजायचे, हिरड्यांचा रंग बघायचा, तक्त्यावर लिहायचं आणि मला मोठ्याने सांगायचं, हे काम काकांचं. काका नसले की मीच कापत कापत तेही बघते. आज म्हटलं, भिंगरीला देऊ. नवव्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

"जमेल ना गं?"

"मावशी, काहीही काय! किती वेळा बघितलंय तुला करताना."

अडीचला सुरुवात केली. पिशवी ही एवढी फुगलेली, जरा धक्का लागला तर फुटेल अशी. मान वर करायची सोय नव्हती. एकदा पार्सलने पाय हलवला, तेव्हा मी भूल थोडी वाढवली आणि स्वतःला बजावलं, दोन मिनिटांनी कमी करायची. ठोके उतरले तर कळेलच म्हणा, पोरगी सांगतेय.

"ठोके?"

"एकशे दहा."

मग माझ्या पाठीमागे तिचा फोन थरथरला. ताईच असणार, दुसरं कोण. "मावशी, आईला फक्त नंतर कर म्हणून सांगते," म्हणत ती दाराशी गेली. मी हूं म्हटलं. जरा वेळाने परत विचारलं, "ठोके?"

"एकशे आठ," ती म्हणाली.

पुढचा टाका घालायला गेले आणि हात थांबला. रक्त काळपट होतं. मान वर करून जीभ बघितली तर ती राखाडी झालेली.

"भिंगरे, स्टेथोस्कोप लाव! लाव म्हणते ना!"

तिने लावला. मास्कच्या वर तिचे डोळे विस्फारले. "मावशी... पन्नासपण नाहीत गं."

वाढवलेली भूल कमी करायची राहूनच गेली होती; ती बंद केली, ऑक्सिजन पूर्ण सोडला, श्वास द्यायचा फुगा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "दाब, सोड, दाब, सोड. थांबलीस तर बघ." इंजेक्शन भरलं, टोचलं. मग आम्ही दोघी त्या जिभेकडे बघत राहिलो. किती वेळ ते विचारू नका. मला ती दुपार सगळी तेवढीच आठवते. हळूहळू जीभ गुलाबी झाली. ठोके साठ, मग सत्तर, मग नव्वदला आले.

तेव्हा माझी नजर तक्त्याकडे गेली. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. तक्त्यावर मात्र सव्वातीन वाजले होते. तीन, तीन पाच, तीन दहा, सव्वातीन. चारही ओळी भरलेल्या, सुवाच्य अक्षरात. सव्वातीनला ठोके एकशे दहा, हिरड्या गुलाबी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाला येईल ते बोलले. "जे ठोके अजून पडलेच नाहीत ते तू मोजलेस कसे? ज्योतिषी आहेस का तू? ही गेली असती तर हाच कागद त्या बिचाऱ्या माणसाच्या हातात ठेवला असता मी. मरेपर्यंत ठणठणीत होती म्हणून! निघ. माझ्या दवाखान्यातून निघ तू."

ती निघाली नाही. फुगा दाबत राहिली. नाकाचं पाणी मास्कवर येत होतं तरी पुसलं नाही. खालमानेने एवढंच म्हणाली, "मावशी, तूच भरतेस ना तसं. कागद आधी उरकला की हात मोकळे राहतात, म्हणाली होतीस."

"मी? मी कधी म्हटलं?"

मी राहिलेले टाके घालून ऑपरेशन पुरं केलं. सव्वातीनला खरोखर शेवटचा टाका पडला.

पार्सलला आम्ही आतल्या खोलीत गोधडीवर ठेवलं. शुद्धीवर यायला तिला वेळ लागणार होता, भूल जास्त झाली होती ना. भिंगरीला तिथेच सोडून मी बाहेर आले, कपाट उघडलं आणि मागच्या आठवड्याची फाइल काढली. काकांच्या दाढेने मागच्या आठवड्यातही दोन दिवस खाल्ले होते, तेव्हाचे तक्ते माझ्या अक्षरातले. खोटं पाडायला काढले होते पोरीला.

बोक्याचं ऑपरेशन. पावणेबाराला तो घरी गेल्याचं मीच खाली लिहून सही केली होती. आणि वर तक्त्यात सव्वाबारापर्यंत ओळी भरलेल्या. एकशे चाळीस, एकशे चाळीस, हिरड्या गुलाबी. बोका घरी जाऊन दूध प्यायला असेल, माझ्या कागदावर तो अजून भुलीतच होता.

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. तीस वर्षं मी हे करत आलेय. माझा कान मशीनकडे असतो, डोळ्याच्या कोपऱ्याने जीभ दिसत असते, बोटाला रक्ताचा रंग कळतो; म्हणून जनावरं वाचतात, त्या कागदामुळे नव्हे. पण माझा कान तिला कसा दिसणार? तिला दिसला तो माझा हात, भराभरा लिहिणारा. तिने तेवढंच उचललं. मला लाज वाटली. इतकी, की खुर्चीत बसवेना.

आत डोकावले. भिंगरी फरशीवर मांडी घालून बसली होती. फोन कुठे दिसत नव्हता, नंतर कळलं की औषधांच्या फ्रिजवर बंद करून ठेवला होता. कानाला स्टेथोस्कोप, समोर भिंतीवरचं काढून आणलेलं घड्याळ, मांडीवर कोरा तक्ता. कोणी सांगितलं नव्हतं. मी काही बोलायला गेले तर तिने बोट वर केलं. मुकाट्याने मोजून घेतलं, मग लिहिलं. शहाऐंशी. त्यावर एक्क्याण्णव. त्यावर एक आकडा खोडून बाजूला बारीक अक्षरात, 'मध्येच विसरले, परत मोजले.'

"भिंगरे," मी म्हटलं, "फाइल बघितली मी."

"हं."

"तू म्हणालीस ते खरं आहे. माझं चुकलं."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "पण मावशी, तू विचारलंस तेव्हा एकशे आठ मी सांगितलं. तेव्हा ती मरत होती." मग घड्याळाकडे बघून, "थांब, पाच मिनिटं झाली," म्हणाली आणि पुन्हा पार्सलवर वाकली.

मी कॉम्प्युटरशी येऊन बसले. चार वाजून गेले होते. 'होय'वर बोट नेलं, काढलं. 'नाही'वर नेलं, तिथूनही काढलं. 'नाही' लिहायचं तर आधी स्वतःच्या पदवीवर लिहायला हवं होतं. 'होय' लिहायचं तर कशाच्या जोरावर? एका तासाच्या पश्चात्तापाच्या? ताईचा फोन वाजत होता, वाजू दिला.

चार वीसला दुसरा फोन आला. मागच्या रस्त्यापलीकडची शेळीवाली. "डॉक्टरीणबाई, पिल्लू अडलंय, एक पाय बाहेर आलाय आणि पुढे काही सरकत नाही. लवकर या हो!" मी बॅग उचलली, स्कूटरची किल्ली घेतली, आतल्या खोलीत ओरडले, "शेळी अडलीय, जाते!" आतून "जा, मी आहे" असं ऐकू आलं, आणि मी गेलेसुद्धा.

पिल्लाची मान मागे वळली होती. कोपरापर्यंत हात घालून ती सरळ करता करता मला घाम फुटला. आलं बाहेर एकदाचं, शिंकलं, शेळीने चाटायला घेतलं. शेळीवालीने बादलीभर पाणी दिलं. साबण लावता लावता मी हातातलं घड्याळ बघितलं. पाचला आठ कमी. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दवाखान्यातून निघाले तेव्हा पार्सलने अजून डोळे उघडले नव्हते. खोलीबाहेरच काय, मी दोन रस्ते ओलांडून आले होते, आणि येताना एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नव्हतं. दिवसभरात तेवढा अर्धा तास माझा जीव शांत होता.

गवताच्या पेंढीवर बसून मोबाइलवर फॉर्म उघडला. ओल्या बोटांनी लिहिलं ते असं: 'होय. आज दुपारी हिने न मोजलेले आकडे लिहिले आणि एक कुत्री थोडक्यात वाचली. आकडे आधीच भरून ठेवण्याची सवय हिने माझ्याकडून घेतली, माझी ती तीस वर्षांची आहे. चूक कळल्यावर हिने काय केलं ते मी पाहिलं. हे लिहिते आहे तेव्हा मी शेळ्यांच्या गोठ्यात आहे आणि तीच कुत्री हिच्या हवाली आहे.' पाचला दोन कमी असताना पाठवलं. हे वाचून मुलाखतीला बोलावतील की दोघींचीही नावं कापतील, मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही उत्तर आलेलं नाही. ताई माझ्याशी बोलत नाहीये, तो भाग वेगळा.

परत आले तर पोस्टमन फरशीवर बसला होता आणि पार्सलचं डोकं त्याच्या मांडीवर. तिने डोळे उघडले होते. शेपटी एकदा गोधडीवर आपटली. पोस्टमनचा चेहरा बघून मला कळलं.

"मी त्यांना सगळं सांगितलंय," भिंगरी म्हणाली. "मी खोटं लिहिलं तेसुद्धा."

मी त्याच्यासमोर खाली बसले. "त्यात माझाही हात आहे," मी म्हटलं, आणि बोक्याच्या तक्त्याचंही सांगून टाकलं.

तो कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिला. मग म्हणाला, "चुकीच्या पत्त्यावर निघाली होती, परत आली म्हणायची." हसला नाही. तिला गोधडीसकट उचलून घेत म्हणाला, "उद्या ड्रेसिंगला आणू ना?"

"आणा," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी तक्ता हातात घेतला. साडेतीनपासूनच्या ओळी वेड्यावाकड्या आकड्यांच्या, दोन ठिकाणी खाडाखोड. पावणेपाचची ओळ मात्र अख्खी कोरी.

"हे काय गं? इथे काहीच नाही?"

"तेव्हा पोस्टमनकाका आले. दार उघडायला उठले होते," ती म्हणाली. "मोजलेच नाहीत."

मी पेन काढलं, खाली सही केली, आणि तो कागद फाइलमध्ये बोक्याच्या तक्त्यावर लावला. मग दोघींनी मिळून फरशी पुसली.