एकाहत्तरातला एक

फोन थरथरला की टेबलावर नखभर पुढे सरकायचा, आणि नेहमी बायकोच्याच बाजूला. टेबलाचा एक पाय किंचित आखूड होता. सुताराला ते ठाऊक होतं. पण त्याचा दिवस लोकांची टेबलं नीट करण्यात जायचा आणि घरी दिव्याखाली अंधार राहायचा.

बायको त्या भागाची निवडून आलेली प्रतिनिधी. निवडणूक पुन्हा तोंडावर आली होती. उभी राहणार की नाही, हे आज संध्याकाळपर्यंत पक्षाला कळवायचं होतं, आणि बाईंचं अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. शंभरातल्या एकाहत्तर लोकांना तिचं काम पसंत आहे, असं पेपरात आलं होतं. पण "तुम्हाला काय वाटतं?" असं तिने विचारलं की सुतार मिठाची गुळणी धरायचा. राहा म्हणावं तर तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसायची. नको म्हणावं तर नवऱ्याने घरी बसवलं असं व्हायचं.

आता फोन वाजला तेव्हा तो खुर्चीचा हात चिकटवत होता. बोटांना सरस लागलेला, म्हणून करंगळीने त्याने स्पीकर चालू केला.

"काका, लोकप्रतिनिधींच्या कामाबद्दल मतं घेतोय," एक मुलगी म्हणाली. "तुमच्या घरात कोणी राजकारणात आहे का?"

"घरात? घरात कोणी नसतंच."

समोर शेंगा सोलणाऱ्या बायकोने डोळे वटारले.

"तुमच्या प्रतिनिधी लोकांना भेटतात?"

"लोकांना भेटतात. नवऱ्याला भेटल्याचं ऐकिवात नाही."

मुलगी हसली. "तुम्हाला बरं ठाऊक. त्यांचं एखादं काम सांगाल?"

सुताराने खुर्चीचा हात दाबून धरला. "दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी उतार झाला. आधी चाकाची खुर्ची चौघांनी उचलून चढवावी लागायची. त्या उतारासाठी बाईंनी दोन वर्षं खेटे घातले. मी स्वतः माप घेऊन बघितलंय. चोख आहे."

शेंगा सोलणारे हात थांबले.

"मग काम पसंत की नापसंत?"

"पसंत."

"त्यांनी पुन्हा उभं राहावं? हो, नाही, की सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

"असं उत्तर आलं की आम्हाला एकदा पुन्हा विचारावं लागतं, काका. तरी मन कुठे झुकतं?"

त्याने बोटांवरचा सरस खरवडला. "राहावं. दमतात, ते दिसतं मला. पण काम नसेल त्या दिवशी जास्त दमतात."

"हे इतके दिवस सांगता येत नव्हतं का हो?" बायको म्हणाली.

"काका, या कोण?"

"आमच्या प्रतिनिधी."

पलीकडून ओठ दाबून हसल्याचा आवाज आला. "घरच्यांचं मत चालत नाही हो काका. तुमचं रद्द करावं लागेल."

"कर बाळा. पोचायचं तिथे पोचलं."

फोन बंद झाला. बायकोने पदराने नाही, सरळ मनगटानेच डोळे पुसले आणि हसली. "त्या एकाहत्तरात तुम्ही आहात की नाही, एवढ्यावरच अडलं होतं माझं."

"मग लाव की त्यांना फोन."

तिने तोच फोन ओढला, सरस लागलेला, आणि पक्षाच्या कार्यालयाचा नंबर फिरवला.

"मीच बोलतेय. आधी हे लिहा, रविवारी मी कुणाला सापडणार नाही, नवऱ्याला भेटायचं असतं. लिहिलंत? आणि हो, मी उभी राहणार आहे."