कानातली झिणझिण

एसटीतून उतरताना हरिओमनं हात पुढं केला, तो दैवशालाबाईंनी झिडकारला. जालन्यापासून धावड्यापर्यंत पोरगा एकच गोष्ट आईच्या कानाशी ओरडत आला होता, "सोमवारी कानाचं मशीन परत. मंग पुन्हा चक्कर न्हाई." पुढच्या सीटवरची माणसं माना वळवून बघत होती. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे सगळ्या गावाला ऐकवायचं, असं या घरानं कधीच ठरवून टाकलं होतं.

बाईंचे कान लहानपणापासून वाहायचे. आधी कानात खुपसायचं मशीन आणलं, तर कान पुन्हा वाहायला लागले. मग जालन्यातल्या डॉक्टरांनी हे नवं सुचवलं. याचं बटण भोकात जात नव्हतं. ते कानाच्या खळग्यात टेकायचं, कानाचं मऊ हाड थरथरवायचं, आणि त्या थरथरीतून आवाज आत पोचायचा. महिनाभर वापरा, जमलं नाही तर परत करा, अशी बोली होती.

दवाखान्यात सगळं झकास ऐकू यायचं. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्न, डॉक्टरांनी हळूच विचारलेलं "मावशी, जेवलात का?" हेसुद्धा. आणि घरी आलं की त्याच कानात झिणझिण सुरू. कुणी तोंड उघडलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, आणि त्यात शब्द गडप. पुन्हा जालना, पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टरांचं तेच, "मशीन बराबर आहे." मग हरिओम आईकडे असा बघायचा, जसं काही ती शाळा चुकवणारं पोर आहे. आपल्याच माणसांना आपण खोटारडे वाटावं, याचा संताप बाईंना बहिरेपणापेक्षा जास्त झोंबत होता.

गावाबाहेर जायचं तर या घरात एक रीत होती. एसटीच्या गर्दीत सोनं जाऊ नये म्हणून ते काढून, फडक्यात बांधून गव्हाच्या कोठीत ठेवायचं. आल्यावर हातपाय धुतले की आधी तेच घालायचं, मग चुलीकडे वळायचं. नवरा असलेल्या बाईनं उघड्या कानांनी स्वैपाकाला बसू नये, असं सासूनं शिकवलं होतं. सासू गेली, पण बाईंनी ते कधी मोडलं नाही.

आज मात्र त्या कोठीकडे फिरकल्याच नाहीत. तशाच चुलीपुढं बसल्या, परातीत पीठ आदळलं आणि भाकरी थापायला लागल्या. राग भाकरीवर निघत होता.

"आता मीठ कुठं ठेवलं मी," मागं सून साधना स्वतःशीच पुटपुटली.

"फळीवर बघ," बाई म्हणाल्या.

साधनाचा हात हवेतच थांबला. बाईंचाही परातीत थांबला. पिठाचा हात त्यांनी कानाकडे नेला. मशीन जागेवर होतं. वरच्या कडेला बुगडी नव्हती.

त्या तडक उठल्या, कोठीतून फडकं काढलं आणि बुगडी घातली. "बोल काहीतरी."

साधनाचे ओठ हलले. झिणझिण.

बुगडी काढली. "आता बोल."

"काय बोलू, आई?"

लख्ख ऐकू आलं. कानाचं हाड थरथरलं की बुगडीचे लोंबते मणी एकमेकांवर आपटत होते, एवढीच सगळी भानगड. डॉक्टरांपुढं बुगडी कधी गेलीच नव्हती. ती दरवेळी गव्हात पुरलेली. बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसू आलं ते आवरेना. बुगडी मुठीत धरून त्या ओट्याकडे निघाल्या. नवऱ्याला सांगायचं होतं, पोराला सांगायचं होतं.

दारातच त्यांना काकासाहेबांचा आवाज ऐकू आला. नवऱ्याचा न ओरडता निघालेला आवाज. किती वर्षांनी येत होता तो कानावर.

"देऊन टाक परत," काकासाहेब निवांत म्हणत होते. "तिला ऐकू येऊन करायचंय काय? इतकी वर्षं घर चाललंच ना."

"तेच म्हणून राह्यलो मी," हरिओम म्हणाला. "तिचं काय अडलं न्हाई."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. एवढ्यासाठी आपण जीव टाकत होतो, असं एकदा मनात येऊन गेलं. पण त्या परत फिरल्या नाहीत.

"चाललं ना," त्या दारातून म्हणाल्या. "तुमचं चाललं."

दोघांनी दचकून मागं पाहिलं. काकासाहेबांची नजर बाईंच्या उघड्या कानावर गेली. बाईंनी बुगडी त्यांच्या हातावर ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मशीन माझ्या कानात ऱ्हाईल." मग पदर सावरून त्या दोघांच्या मधोमध बसल्या.

"हं. बोला आता."

हरिओम चपलेचा अंगठा चाचपत बसला. काकासाहेबांनी बुगडी या हातातून त्या हातात घेतली, आणि तिच्या मण्यांचा बारीक आवाज बाईंना अगदी स्पष्ट ऐकू आला.