कार्यकारिणीची घंटी

मी घंटी बोलतेय. पितळी, लाकडी मुठीची, वीतभर उंचीची. अंगावर एक पोचा आहे, पण आवाज अजून ठणठणीत.

ओताऱ्याने मला घडवलं ते दवाखान्यासाठी. दवाखाना ल्युथेरन डीकनेस भगिनींचा, म्हणजे चर्चच्या वतीने आजाऱ्यांची सेवा करण्यात अख्खं आयुष्य घालवणाऱ्या बायकांचा. रुग्णाने मला हलवलं, की पट्टीवाल्या सिस्टर हातातलं काम टाकून धावत यायच्या. जखमा बांधण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून हे नाव. पोचा त्यांच्याच हातून पडला. तेव्हा त्यांनी चक्क माझी माफी मागितली होती.

मग माझी बढती झाली. भगिनीगृहाच्या कार्यकारिणीच्या टेबलावर मला मानाने बसवलं. इथे बैठक संपवायला मला वाजवत. मी वाजले की कुणी धावत येत नसे. सगळे उठत, आमेन म्हणत आणि घरी जात.

पुढे पट्टीवाल्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि गृहाच्या तिसऱ्या मजल्यावर राहू लागल्या. गुडघे पार गेले होते. तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली मिळावी, डोळे मिटण्याआधी चार दिवस बागेत बसता यावं, एवढाच त्यांचा अर्ज. त्या खोलीत पाहुणा उतरलेला कुणालाच आठवत नव्हता.

पण नियम म्हणजे नियम! भगिनीचा अर्ज तिच्या समक्षच चर्चेला घ्यायचा, पाठीमागे नाही. किती उदात्त! बैठक मात्र तळमजल्यावर. अध्यक्ष पाळकसाहेब दर वेळी दाराकडे बघत, उसासा टाकत आणि म्हणत, "अर्जदार गैरहजर. पुढच्या बैठकीत बघू."

पाच बैठका अशाच गेल्या. प्रमुख भगिनी एकदा पुटपुटल्या, "अहो, त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून तर..."

"ते चर्चेच्या वेळी बोला ना, सिस्टर."

तरी माणसं दयाळू हो! सहाव्या बैठकीत त्यांनी एकमताने ठराव केला, की तोवर सिस्टरांच्या सोयीसाठी मला वर पाठवावं.

"अगं, तू होय!" सिस्टरांनी पोच्यावरून बोट फिरवलं. मला भरून आलं.

सातव्या बैठकीच्या दिवशी त्या भिंत धरत धरत जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि मला वाजवू लागल्या. खाली सगळे सवयीने उठले, आमेन म्हणाले, छत्र्या शोधू लागले. सिस्टर थांबेचनात. शेवटी मला गप्प करायला पाळकसाहेब स्वतः निघाले, मागोमाग अख्खी कार्यकारिणी. वर पोचल्यावर साहेबांनी वरच्याच पायरीवर बैठक मारली.

"बाप रे, किती हा जिना!"

"तेच लिहिलंय अर्जात," सिस्टर म्हणाल्या. "आता मी हजर आहे. घ्या चर्चेला."

दोन मिनिटांत मंजूर. लगेच चौघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं.

पाच महिने त्या बागेत बसल्या, मी त्यांच्या मांडीवर. गेल्या आठवड्यात त्या गेल्या. खोली पुन्हा पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे, आणि उद्या मला कार्यकारिणीच्या टेबलावर परत नेणार आहेत.

नका नेऊ हो. तिसऱ्या मजल्यावर अजून चार सिस्टर आहेत. मला जिन्याच्या तोंडाशी ठेवा.